दोन मुठी पालक

४ मार्च, सोमवार

दुरुस्तीच्या रजिस्टरची मागची पानं कोरी आहेत, म्हणून हे इथे. पुढून लोकांचे बिघडलेले मिक्सर, मागून मी. बायको म्हणाली, "मनातलं कुठेतरी लिहून काढत जा हो, नाहीतर सगळं आमच्यावर निघतं." माझं कुणावर काही निघत नाही. पण तिच्याशी वाद घालण्यापेक्षा लिहिणं सोपं.

आज तपासणीचा निकाल आला. माझ्या लिव्हरमध्ये सतरा टक्के चरबी आहे. दहाच्या आत आली तरच त्यातला तुकडा कापून दादाला लावता येईल. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याचं लिव्हर पार वाळून गेलंय आणि रक्तगट जुळणारा घरात मी एकटाच. मोठे डॉक्टर म्हणाले, दादाकडे तीन महिने धरा, फार तर चार. माझा कापलेला भाग दोन-तीन महिन्यांत परत वाढतो म्हणे. म्हणायला यांचं काय जातं.

दादाचं सांगायचं तर मी जुने मिक्सर दुरुस्त करतो आणि तो मोठ्या शोरूममध्ये नवे विकतो. बाबांच्या हाताखाली दोघंही शिकलो, पण त्याला हाताला काळं लागलेलं खपेना, म्हणून टाय लावून तिकडे गेला. गेली बावीस वर्षं गिऱ्हाइकांपुढे मिल्कशेक फिरवून दाखवतो आणि सांगतो, "जुना टाकून द्या हो, दुरुस्तीत काही अर्थ नसतो." माझ्या पोटावर पाय देणारं वाक्य माझाच भाऊ दिवसातून वीस वेळा बोलतो. वर फिरवलेला मिल्कशेक वाया जाऊ नये म्हणून स्वतःच ढोसतो. दारूचा थेंब न घेता लिव्हर घालवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

नंतर मला आहाराच्या खोलीत पाठवलं. तिथे एक पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. मला काका म्हणाली. मी चव्वेचाळीसचा आहे. "काका, रोज सकाळी नाश्त्याऐवजी हिरवी स्मूदी घ्यायची. दोन मुठी पालक..." पुढचं मी ऐकलं नाही, कारण भिंतीपलीकडे कँटीनचा मिक्सर चालू होता आणि त्याचा कपलर, म्हणजे भांडं मोटरला जोडणारी चकती, झिजला होता. खडखड स्पष्ट ऐकू येत होती. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "हो का? आणि चालायचं किती, ते कळलं ना?"

हिला मी पालकबाई म्हणणार. तिने एक छापील पत्रक दिलं आणि एक तक्ता दिला. तक्त्यात चार रकाने: पाला, फळ, पाणी, चालणं. रोज बरोबरची खूण करायची, महिन्याने पुन्हा मोजणार. पत्रक मी वाचलं नाही. पंचवीस वर्षं मिक्सर उघडतोय, मला पाला वाटायला ही शिकवणार? दुकानात मोटरच्या आर्मेचरमधून ग्रीस गळत होतं, त्याच्याखाली अंथरलं.

५ मार्च

पालक तीन पाण्यांत धुतला. लोक एका पाण्यात धुतात, माती तशीच भांड्यात जाते, पात्याखालचा बुश खाते, मग माझ्याकडे येऊन म्हणतात, गळतंय. देठ काढून टाकले, कारण देठाच्या दोऱ्या पात्याला गुंडाळतात. आधी फक्त पाला आणि पाणी, पाला पुरता दिसेनासा होईपर्यंत. मग फळ. बर्फ शेवटी, तोही फोडून. एवढी साधी अक्कल शंभरातल्या नव्वदांना नसते.

मिक्सर माझा स्वतःचा, तीन मेलेल्या मिक्सरांतून जमवलेला. झाकण काढलं. रंग तळ्यातल्या पाण्याचा आणि चव रंगाहून वाईट. ओला खडू आणि गवत. पेलाभर प्यायलो आणि सिंकपाशी उभा राहिलो. बायको म्हणाली, "होईल सवय." स्वतः चहा पीत होती.

चारही रकान्यांत खुणा केल्या.

७ मार्च

एक बाई मिक्सर घेऊन आल्या. स्मूदीच करत होत्या. सलग सहा मिनिटं फिरवला, मोटर जळली, दुकानभर वास. म्हटलं, "बाई, सोबतच्या पुस्तिकेत मोठ्या अक्षरांत छापलंय, एका वेळी एक मिनिट." म्हणाल्या, "ते कोण वाचतं?"

खरंच, कोण वाचतं! माणसं यंत्र घरी आणतात आणि अक्कल दुकानातच ठेवून येतात.

आज स्मूदीत एक केळं टाकलं. बराच फरक पडला. केळं फळच आहे. फळाच्या रकान्यात खूण.

१२ मार्च

केळी दोन, खजूर सहा, वर दोन चमचे मध. अखेर माणसाने तोंडाला लावावं असं काहीतरी झालं. रंग हिरवाच आहे, म्हणजे काम चालू आहे. पालकबाईला एवढं सुचू नये? शिकलेल्या माणसांची हीच गंमत, पुस्तकात चव नसते म्हणून यांच्या डोक्यातही नसते.

बायकोने घोटभर घेतला. "हे तर सरबत झालं हो."

"मध नैसर्गिक असतो," मी म्हणालो.

"साप पण नैसर्गिकच असतो."

तिला उलट बोलायची खोडच आहे.

चालायचं म्हणून शिंप्याच्या दुकानापर्यंत जाऊन आलो, दोनदा. शिंपी माझ्यापासून तिसऱ्या गाळ्यात. सहज विचारलं, कापड फाडून पुन्हा शिवलं तर उसवतं कुठे? म्हणाला, "शिवणीवर नाही उसवत. शिवणीच्या शेजारी उसवतं." फालतू माणूस. चालण्याच्या रकान्यात खूण.

१७ मार्च, रविवार

दादाकडे गेलो. डोळे पिवळे, पोट टम्म, हातपाय काटक्या. तरी अंगात इस्त्रीचा शर्ट. घरात कुणाला दाखवायला? वहिनी म्हणाल्या, "भावजी, तुमच्यावरच आहे बघा आता सगळं." मला असली वाक्यं आवडत नाहीत. म्हणालो, "वहिनी, चहात साखर जरा जास्त घाला."

दादा म्हणाला, "बारक्या, तुझ्या त्या खटाऱ्यात पालक वाटला जातो का नीट? गुठळ्या राहत असतील. शोरूममध्ये जा, माझं नाव सांग, चांगलं मॉडेल काढून देतील."

मरायला टेकलाय आणि मिक्सर विकतोय.

"माझा खटारा तुझ्यानंतरही चालेल," मी म्हणालो. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तोंडातून गेलं ते गेलं.

मग तो पाण्याची बाटली उघडत बसला. झाकण फिरेना. मदत मागेना. मीही पुढे झालो नाही, नुसता बघत राहिलो. शेवटी वहिनींनी उघडून दिली. घरी येताना रस्ताभर मला त्याचाच राग येत होता. एवढंसं ते झाकण.

२१ मार्च

सह्या करायला हॉस्पिटलात. फॉर्मवर काय काय होऊ शकतं त्याची यादी आहे, दीड पान. बाकावर एक माणूस भेटला. त्याने गेल्या वर्षी बहिणीला लिव्हर दिलं. मी काही विचारलं नव्हतं, तरी शर्ट वर केला. छातीखालून आडवा व्रण आणि मधून वर गेलेला, दोरीएवढा जाड. "काही नाही हो, पहिले पंधरा दिवस फक्त," म्हणाला. लोकांना दाखवायची हौस दांडगी. मी पाच-दहा मिनिटं बाकावर बसून राहिलो. त्या बोळात हवाच नाही.

मला भीती वाटत नाही. चालू लाइनला हात घालणारा माणूस आहे मी.

घरी येऊन मोठा पेला केला, आंबा घालून.

२८ मार्च

कृती आता पक्की झाली. पालक एकच मूठ, कारण दोन मुठींनी रंग काळपट येतो. केळी दोन, अर्धा अननस, संत्र्याचा डब्यातला रस, खजूर, मध. शिंप्यालाही दिला पेलाभर. म्हणाला, "असा औषधोपचार असेल तर मी पण पडतो आजारी."

वजनकाट्यावर दोन किलो जास्त भरलो. पाला चालू, चालणं चालू, मग वजन वाढेल कसं? काटाच बिघडलेला. उघडला. आतली स्प्रिंग ढिली पडली होती, आवळून बसवली. आता मी आधीपेक्षा अर्धा किलो कमीच भरतो. बायको चढली, उतरली, परत चढली. "अहो, मी लग्नातसुद्धा एवढी नव्हते." तिला यंत्रातलं काय कळतं.

४ एप्रिल, गुरुवार

एकोणीस.

मोठ्या डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. "कमी व्हायला हवी होती," म्हणाले. मी म्हणालो, तुमचं यंत्र एकदा तपासून घ्या. ते हसले नाहीत. पालकबाईने माझा तक्ता बघितला. तीस दिवस, एकशेवीस खुणा, एकही सुटलेली नाही.

"काका, याशिवाय काही घेत होता का?"

"नाही."

तिने पुन्हा विचारलं नाही. तक्त्याची घडी घातली आणि फायलीत ठेवला.

दादाला परवा दाखल केलंय, पोटातलं पाणी काढायला. चार लिटर निघालं. डॉक्टर म्हणाले, आता वेळ कमी उरला आहे, २९ तारखेला शेवटचं मोजू. नाही जमलं तर प्रतीक्षा यादीत नाव आहेच. त्या यादीत त्याच्यापुढे किती जण आहेत, ते विचारलं. त्यांनी सांगितलं. तो आकडा मी इथे लिहीत नाही.

वहिनी बोळात उभ्या होत्या. मी सांगितलं, "यंत्रात काहीतरी घोळ दिसतोय." त्यांनी मान हलवली. त्यांना ते खरं वाटलं, हे सगळ्यात वाईट झालं.

५ एप्रिल

बायको दुपारी डबा घेऊन दुकानात आली. डबा ठेवायला जागा करायची म्हणून टेबलावरचं आर्मेचर उचललं आणि खालचं पत्रक तिच्या हाताला लागलं. ग्रीस पुसून मोठ्याने वाचलं, गिऱ्हाइकासमोर. "केळं नको. खजूर, मध, साखर नको. आंबा, अननस नको. डब्यातला रस अजिबात नको." प्रत्येक शब्दाला माझ्याकडे बघत होती. गिऱ्हाईक हळूच निघून गेलं.

"लोक पुस्तिका वाचत नाहीत म्हणून त्यांना शिव्या घालता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान..." पुढचं तिने म्हटलंच नाही. एकदम स्टुलावर बसली. आवाज खाली आला.

"अहो, खरं सांगा. तुम्हाला नापास व्हायचं होतं का?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. तिच्या माहेरचाही उद्धार केला, ज्यांचा यात काडीचा संबंध नाही. ती उठून गेली. डबा मी खाल्ला. डबा परत पाठवण्याएवढी लाज मला कधी वाटलेलीच नाही.

६ एप्रिल

पत्रक मी वाचलं होतं. चार मार्चलाच, दुकान बंद करताना, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मग ग्रीसखाली घातलं. वर मी लिहिलंय "वाचलं नाही", ते खोटं आहे. जे रजिस्टर दुसरं कुणी उघडणार नाही, त्यातसुद्धा खोटं लिहिणारा माणूस कुठल्या लायकीचा? दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर मी लगेच सांगितलं असतं.

रोज केळं सोलताना मला माहीत असायचं. वर वर वाटायचं, हिरवं तर आहे. आणि आत वाटायचं की यंत्रानेच नाही म्हटलं तर बरं, मग मला म्हणावं लागणार नाही. तोंड पाडून दादासमोर जायचं, "जमलं नाही रे" म्हणायचं, आणि सगळे उलट माझीच समजूत घालणार. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही. यातला साप कोण, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मला भीती वाटते. पोट फाडणार याची वाटते. झोपवलं की उठणारच नाही, असं वाटतं. शिवणीच्या शेजारी उसवेल, असं वाटतं. लिहून टाकलं. लिहून कमी झाली नाही.

काट्याची स्प्रिंग पूर्ववत केली. तीन किलो वाढलोय.

८ एप्रिल, सोमवार

रजिस्टर घेऊन पालकबाईकडे गेलो. तोंडी सांगायचं ठरवलं होतं, पण तोंड उघडेना. म्हणून रजिस्टर उलटं करून तिच्यापुढे सरकवलं आणि म्हणालो, "मागून वाचा." सरकवल्यावर आठवलं की यात तिच्याबद्दल काय काय आहे. परत मागणं बरं दिसलं नसतं.

तिने सगळं वाचलं, सावकाश. वजनकाट्यापाशी आली तेव्हा तोंडावर हात धरला.

"पालकबाई म्हणजे मी?"

"हो."

"आणि पुस्तकात चव नसते म्हणून डोक्यात नसते, ती पण मीच?"

"तुम्हीच."

वाटलं, आता झाडणार. तिच्या जागी मी असतो तर चांगलं झाडलं असतं. ती उठली, दार लावलं, परत बसली. "काका, तुम्हाला नाही म्हणायचा हक्क आहे. आत्तासुद्धा आहे. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो, की वैद्यकीय कारणामुळे जमत नाही. भावाला, वहिनींना, कुणालाही खरं कारण कळत नाही. हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं मी तुम्हाला."

सांगितलं असणार. मी कपलर ऐकत होतो.

म्हणजे जे मिळवायला मी महिनाभर चोरासारखी केळी सोलत होतो, ते इथे नुसतं मागितलं तरी मिळत होतं. असा मूर्ख दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

"विचार करा," ती म्हणाली. "दोन दिवस घ्या. घाई नाही."

घाई नाही कशी? घाई होती, पण ती दादाची होती, तिची किंवा माझी नव्हती. मी उठलो नाही. ती आपलं काहीतरी लिहीत होती, माझ्याकडे बघत नव्हती, एवढं मात्र बरं केलं. शेवटी म्हणालो, "ते पत्रक खराब झालं. दुसरं आहे का?"

तिने दुसरं काढलं, पण हातात दिलं नाही. "माझ्यासमोर मोठ्याने वाचा."

वाचलं. शाळेतल्यासारखं, बोट ठेवून.

९ एप्रिल

दोन मुठी पालक, देठ काढून. अर्धं हिरवं सफरचंद, सालीसकट. अर्धी काकडी. अर्ध्या लिंबाचा रस. पुदिन्याची चार पानं. पेलाभर पाणी. बस्स. तळ्यातलं पाणी परत आलं.

साखर बंद, पाव बंद, बिस्किटं बंद, भात मूठभर. सकाळी एक तास चालणं, खरंखुरं. शिंप्याच्या दुकानावरून चार वेळा गेलो. पहिल्या तीन फेऱ्यांना हसला, चौथ्या फेरीला म्हणाला, "काय हरवलंय का?"

बायकोला सॉरी म्हणालो. "कशाकशासाठी?" म्हणाली. यादी लांब होती, म्हणून तिथेच थांबलो.

१४ एप्रिल

पाला नको झालाय. हिरवं काही दिसलं की मळमळतं. बागेत चालायला गेलो होतो, तिथेही.

१८ एप्रिल

मोटर जळालेल्या बाई मिक्सर न्यायला आल्या. "तुम्ही पण स्मूदी पिता म्हणे. कृती सांगा ना." सांगितली. "केळं नाही?" "नाही." "मध?" "नाही." "मग प्यायचं कसं हो?"

"नाक दाबून," मी म्हणालो. त्यांना तो विनोद वाटला. लोकांना काहीही विनोद वाटतो.

बायको रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहते, पेला रिकामा होईपर्यंत. म्हणते, पहारा नाही, सोबत आहे. पहाराच आहे.

२३ एप्रिल

दादाने आज मला ओळखलं नाही. लिव्हर काम करेनासं झालं की विष डोक्यात चढतं, असं नर्सने सांगितलं. औषधाने उतरेल म्हणाली. मी खाटेपाशी उभा राहिलो तर तो हसला, ते त्याचं शोरूमचं हसू, आणि म्हणाला, "या साहेब. काय दाखवू?"

वहिनी बाहेर गेल्या. मी तिथेच राहिलो. गिऱ्हाईक होऊन विचारलं, "मिक्सर हवा होता. चांगला कुठला?"

"घरी जुना आहे का?"

"आहे."

"कुणाकडून दुरुस्त करून घेता?"

मी माझ्या दुकानाचं नाव सांगितलं. त्याने मला जवळ बोलावलं आणि कुणी ऐकत नाही ना, असं बघून हळूच म्हणाला, "मग नवा कशाला घेता? तो पोरगा चांगला करतो. त्याच्या हातात माझ्या वडिलांचा हात आहे. शोरूममध्ये सांगू नका मी असं म्हणालो म्हणून."

मी जिन्यात जाऊन रडलो. बावीस वर्षं हा नालायक माणूस हे एकदा तरी शुद्धीवर असताना बोलला असता, तर काय बिघडलं असतं?

२९ एप्रिल, सोमवार

नऊ.

पालकबाईने टेबलावर जोरात हात आपटला आणि मग दुखला म्हणून झटकला. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं, जसं काही त्यांनीच पाला खाल्ला. सात मेला ऑपरेशन. मला आनंद झाला नाही. बाहेर आल्यावर बायको म्हणाली, "अजूनही नाही म्हणता येतं हां." म्हटलं, "तुझं झालं का बोलून?" तिने माझा हात धरला आणि बसस्टॉपपर्यंत सोडला नाही. रस्त्यात लोक बघत होते.

६ मे, सोमवार, संध्याकाळ

दाखल झालो. दादा आता पूर्ण शुद्धीवर आहे. आजच्यापुरतं दोघांना एका खोलीत ठेवलंय, उद्यापासून तो एकीकडे, मी दुसरीकडे. दोन खाटांमध्ये एक खुर्ची. भेटीची वेळ संपली, बायको आणि वहिनी खाली गेल्या. आम्ही दोघं बराच वेळ छताकडे बघत होतो. आमच्यात बोलायची पद्धत अशी नव्हतीच कधी.

मग तो म्हणाला, "बारक्या, एक सांगू? रागावू नकोस."

"सांग."

"उलट झालं असतं ना, तर मी नसतं दिलं. तोंडाने हो म्हणालो असतो. मग काहीतरी खोट काढली असती. पहिल्याच तपासणीत नापास झालो असतो आणि तुझ्यासमोर येऊन गळा काढला असता. रोज पडल्या पडल्या हेच डोक्यात येतं. तू द्यायला निघालास, आणि मी हा असा."

मला वाटलं होतं हे कधी सांगणार नाही. पण तो असं बोलल्यावर गप्प राहणं म्हणजे चोरी झाली असती. म्हणालो, "मी तेच केलं होतं."

सगळं सांगितलं. केळी, खजूर, मध, आंबा, अननस, डब्यातला रस. खोट्या खुणा. वजनकाट्याची स्प्रिंग. पालकबाईने दार लावून काय सांगितलं, तेही. स्प्रिंगपाशी तो हसला, हसताना पोट दुखलं म्हणून दोन्ही हातांनी धरलं, तरी हसत राहिला. मग हळूहळू थांबला.

"म्हणजे ते एकोणीस..."

"हो."

"मला वाटलं यंत्रात घोळ आहे."

"घोळ माझ्यात होता."

तो आता काय म्हणतो याची मी वाट बघत होतो. ते पंचवीस दिवस त्याचे होते आणि मी ते खाल्ले होते. त्या पंचवीस दिवसांतच त्याचं डोकं फिरलं होतं, त्यातच तो मेला असता तर मी आज कुठे तोंड दाखवलं असतं? त्याने मला आईवरून शिवी दिली असती तरी मी ऐकून घेतली असती, आई एकच असली तरी.

"मग परत का आलास?" त्याने विचारलं. "त्या मुलीने तर सुटायची वाट दाखवली होती."

खरं उत्तर मला माहीत नाही. माहीत असतं तर इथे लिहिलं असतं. म्हणालो, "मला सकाळी सहाला नेणार आहेत. तुला माझ्यानंतर. झोप आता."

"तू घाबरलायस का?"

"हो."

"मी पण." थोड्या वेळाने म्हणाला, "तुझी खाट जरा इकडे घेतोस का?"

त्याने आयुष्यात माझ्याकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. उठलो, खुर्ची बाजूला केली, चाकांचे ब्रेक काढले आणि खाट ढकलत नेऊन त्याच्या खाटेला लावली. आवाज ऐकून नर्स आली. म्हणाली, "असं चालत नाही इथे." मी म्हणालो, "बरं." ती गेली. खाट आहे तिथेच आहे.